जुना आरोप, जुने कागद

पोलीस ठाण्यातून फोन येतो: "तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय, जरा येऊन जा." तक्रार पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीची असते. फिर्यादी तेव्हा शाळेत होती किंवा होता, आता तिशीत आहे. आरोपी म्हणजे काका, मावसभाऊ, क्लासचे सर, वसतिगृहाचा अधीक्षक, नाहीतर शेजारी. फोन ठेवल्यानंतरच्या पहिल्या तासात घरात जे घडतं, त्यानेच पुष्कळदा प्रकरण बिघडतं. कुणीतरी फिर्यादीच्या आईला फोन लावतं, "बसून बोलू, मिटवू." कुणीतरी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावानिशी लिहितं. तो फोन रेकॉर्ड झालेला असला, तर जामिनाच्या सुनावणीत साक्षीदारावर दबाव आणल्याचा पुरावा म्हणून समोर येतो. ग्रुपवरचा मजकूर हा तर वेगळाच गुन्हा ठरू शकतो. पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली येतं (दंड संहितेत हे २२८-अ होतं) आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळे आरोपीच्या बाजूने उभे राहणारे आम्ही वकील पहिल्या भेटीत प्रश्नांपेक्षा मनाया जास्त करतो. फोन करायचा नाही, मध्यस्थ पाठवायचा नाही, मोबाइलमधलं काहीही पुसायचं नाही.

मिटवण्याचा विचार तर मुळातच सोडावा. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दोन्ही कुटुंबांनी तडजोड केली म्हणून रद्द होणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानच्या एका शाळेच्या प्रकरणात पुन्हा बजावलं आहे.

यानंतरचं काम म्हणजे फिर्यादीची (एफआयआरची) नक्कल. इतर बहुतेक गुन्ह्यांची एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढते, लैंगिक गुन्ह्यांची चढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला तेव्हाच हा अपवाद ठेवला होता. पण त्याच आदेशाने आरोपीला नक्कल मागण्याचा हक्कही दिला. पोलीस ठाण्यात अर्ज केला तर २४ तासांत, न्यायालयात केला तर कामकाजाच्या दोन दिवसांत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. नक्कल हातात येईपर्यंत जबाब देण्याची घाई नको. काय आरोप आहे तेच ठाऊक नसताना "मी त्या घरी कधी गेलोच नाही" असं सांगून बसलेला माणूस नंतर लग्नाच्या अल्बममध्ये त्याच घराच्या ओसरीवर बसलेला सापडतो, आणि मग त्याच्या खऱ्या गोष्टीही कुणाला खऱ्या वाटत नाहीत.

नक्कल आली की आम्ही बाकी सगळं बाजूला ठेवून कॅलेंडर काढतो. जुन्या आरोपाच्या बचावाचा कणा हाच आहे. घटनेच्या दिवशी जो कायदा होता तोच लागू होतो, शिक्षाही त्या दिवशी जी होती तीच. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) हेच सांगतो. ठाणे अंमलदाराच्या संगणकावर मात्र आजची कलमं असतात, आणि सवयीने तीच लागतात. म्हणून पुढच्या तारखा आम्ही पाठच ठेवतो. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला १४ नोव्हेंबर २०१२ ला. बलात्काराची व्याख्या रुंद झाली आणि संमतीचं वय सोळावरून अठरा झालं ३ फेब्रुवारी २०१३ पासून. सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराचं वेगळं, कडक कलम २१ एप्रिल २०१८ पासून. पॉक्सोतल्या शिक्षा वाढल्या १६ ऑगस्ट २०१९ पासून. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून. आज दाखल होणाऱ्या २०१० च्या घटनेच्या गुन्ह्यात तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, पण गुन्ह्याचं कलम जुन्या दंड संहितेचंच.

यातला फरक किती मोठा असतो ते पाहा. फिर्यादीत लिहिलेलं असतं, "मी आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत." शाळेच्या जनरल रजिस्टरवरून आठवीचं वर्ष निघतं २०१२-१३. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १३ नोव्हेंबरला होतं आणि पाडवा १४ नोव्हेंबरला, म्हणजे पॉक्सो लागू झाला नेमका त्याच दिवशी. एकाच सणाच्या लागोपाठच्या दोन दिवसांवर दोन वेगळे कायदे. पाडव्याला किंवा भाऊबीजेला घडलं असेल तर पॉक्सो, विशेष न्यायालय, आणि कलम २९ चं गृहीतक, म्हणजे सरकार पक्षाने मूलभूत गोष्टी सिद्ध केल्या की उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. लक्ष्मीपूजनाला घडलं असेल तर यातलं काहीच नाही. दंड संहिता, आणि सगळा भार शेवटपर्यंत सरकार पक्षावर. "दिवाळीत" एवढ्या शब्दावर पॉक्सो लावलेला असेल तर दोषमुक्तीच्या, म्हणजे साक्षीपुरावे सुरू होण्याआधीच सुटण्याच्या, अर्जात पहिला मुद्दा हाच.

सणांवरून तारीख काढताना अधिक महिना ध्यानात ठेवावा लागतो. २०११ ची गणेश चतुर्थी १ सप्टेंबरला होती, २०१२ ची १९ सप्टेंबरला, कारण २०१२ मध्ये भाद्रपद अधिक आला होता. फिर्यादीची आठवण पंचांगाची असते, आरोपीच्या रजेचं रेकॉर्ड इंग्रजी तारखांचं. दोन्हींचा मेळ आम्ही हाताने लिहिलेल्या तक्त्यात घालतो: डावीकडे फिर्यादीतला शब्द, मध्ये संभाव्य तारखांचा पट्टा, उजवीकडे त्या पट्ट्यात लागू असलेला कायदा आणि उपलब्ध कागद. हा तक्ता पक्षकाराला दाखवण्याआधी त्याच्याकडून त्याची स्वतःची आठवण लिहून घ्यावी. आधी तक्ता दाखवला की तो त्याच चौकटीत आठवायला लागतो.

मुदतीचा मुद्दा इथेच तपासावा. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नसते, त्यामुळे बलात्कार (३७६) किंवा अनैसर्गिक कृत्य (३७७) कितीही जुनं असलं तरी चालतं. मुलग्यांवरच्या २०१२ पूर्वीच्या अत्याचारांत मुख्य कलम ३७७ च असतं. ते न्याय संहितेत नाही म्हणून जुना गुन्हा पुसला गेला, असं काही पक्षकार कुठेतरी वाचून येतात. जुन्या कृत्यांवरची कारवाई न्याय संहितेच्याच कलम ३५८ ने शाबूत ठेवली आहे. विनयभंगाचं (३५४) तसं नाही. ३ फेब्रुवारी २०१३ पूर्वी त्याला दोन वर्षांपर्यंतच शिक्षा होती, म्हणून मुदत तीन वर्षं. २००८ मधल्या निव्वळ विनयभंगाची तक्रार आज आली तर ती मुदतबाह्य आहे. पण दोन खाचा लक्षात ठेवायच्या. एकाच खटल्यात मोठा गुन्हा जोडलेला असेल तर मुदत मोठ्या गुन्ह्यावरून मोजतात; आणि उशिराचं समाधानकारक कारण असेल किंवा न्यायाच्या हितासाठी गरज असेल तर न्यायालय उशीर माफ करू शकतं. एक कटू गोष्टही सांगायला हवी. २०१३ पूर्वीच्या व्याख्येत लिंगप्रवेशाशिवाय बलात्कार होत नव्हता, त्यामुळे बोटाने किंवा वस्तूने केलेलं कृत्य तेव्हाच्या कायद्यात बहुधा विनयभंगातच मोडायचं. फिर्यादीला हे अन्यायकारक वाटेल, आणि वाटणं साहजिक आहे. तरी हा मुद्दा मांडणं वकिलाचं कामच आहे.

वयाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी बघायचा. फिर्यादीचं वय शाळेचा दाखला, जन्मनोंद, आणि यांतलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, या क्रमाने ठरतं. आणि आरोपीचं तेव्हाचं वय? नात्यातल्या जुन्या प्रकरणांत हे फार वेळा राहून जातं. आज चाळिशीत असलेला मावसभाऊ तेव्हा सतरा वर्षांचा असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जायला हवं. हा दावा कोणत्याही टप्प्यावर, खटला निकाली निघाल्यावरसुद्धा करता येतो. तरी पहिल्याच अर्जात करावा, कारण त्याने अटकेपासून सगळंच बदलतं.

अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात, पॉक्सो असेल तर विशेष न्यायालयात. सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराचं कलम लागलं की अटकपूर्व जामिनाचा दरवाजा बंद होतो. पण घटना २१ एप्रिल २०१८ च्या आधीची असेल तर ते कलम अस्तित्वातच नव्हतं. अर्जाच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहावं. जुन्या प्रकरणात जामिनासाठी मजबूत मुद्दा असा, की जप्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, कपडे नाहीत, नमुने नाहीत, जागाही बहुधा पाडून नवी बांधलेली. मग कोठडीत घेऊन करायचं काय? पोलीस सवयीने पुरुषत्वाच्या तपासणीचं पत्र देतात. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत त्या तपासणीने काही कळत नाही, पण त्याला हरकत घेऊन असहकाराचा शिक्का मारून घेण्यात अर्थ नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्देशांनुसार पॉक्सोच्या जामीन अर्जाची सूचना पीडित पक्षाला द्यावी लागते. ती बजावली नाही म्हणून तारीख पुढे जाते, तेव्हा अर्ज दाखल करतानाच सूचनेचा मसुदा जोडावा. जामीनदार आधीच तयार ठेवावा. त्याचं रेशनकार्ड, आधार, घरपट्टीची पावती किंवा सात-बारा, नोकरदार असेल तर पगारपत्रक. काही न्यायालयं तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागतात, आणि तो एका दिवसात मिळत नाही. जामीन शुक्रवारी होऊन माणूस सोमवारपर्यंत आत राहतो, तो या कागदांपायीच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मागता येतो, आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता कागद. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण साक्षीदार मरतात, विसरतात, गाव सोडतात. रजिस्टर कपाटात पडून राहतं. नोकरदाराचं सेवापुस्तक, बदलीचे आदेश, हजेरीपट, रजेचे अर्ज. शिक्षकाचं शाळेतलं वेळापत्रक आणि मस्टर. भाडेकरूचा नोंदणीकृत करार. घरपट्टी, वीज जोडणीची तारीख, बांधकामाचा परवाना, कारण "माडीवरच्या खोलीत" असं फिर्यादीत असतं आणि माडी २०१४ मध्ये चढलेली निघते. जुना पासपोर्ट. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. सरकारी कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागवायचं असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस. पण एका अर्जात दहा गोष्टी मागू नयेत, एका अर्जात एकच दस्त आणि तोही वर्षासह मागावा. "अभिलेख नष्ट केला" असं लेखी उत्तर आलं तर तेही जपून ठेवायचं. आरोपीला बचावाचा पुरावा आता मिळूच शकत नाही, हे नुसतं तोंडी सांगून चालत नाही. नष्ट केल्याची तारीख आणि नियम असलेलं पत्र चालतं. मोबाइलच्या कॉल नोंदींच्या मागे मात्र लागू नये. कंपन्यांना त्या डिसेंबर २०२१ पर्यंत एकच वर्ष ठेवाव्या लागत, नंतर दोन वर्षं. २०११ च्या नोंदी आता कुठून येणार?

जुना ईमेल, फोटोची फाइल, चॅट असेल तर त्याची प्रत प्रमाणपत्राशिवाय पुरावा होत नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणूक याचिकेतून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या २०२० च्या निकालाने हे पक्कं केलं, आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, शिवाय फाइलची हॅश संख्या, म्हणजे फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारी खूण. फाइल दुसऱ्या फोनवर पाठवून, तिथून प्रिंट काढून आणणारे पक्षकार मूळ फोन विकून मोकळे झालेले असतात. मूळ फोन सांभाळा.

कागद मिळाले की ते तपासी अंमलदाराला द्यायचे की राखून ठेवायचे, यावर वकिलांत एकमत नाही. दोषमुक्तीच्या वेळी न्यायालय फक्त सरकार पक्षाचे कागद बघतं. आरोपीचे कागद तेव्हा चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या एका प्रकरणात २००४ मध्येच ठरवून टाकलं. म्हणून निर्विवाद सरकारी दस्त, उदाहरणार्थ त्या काळात परजिल्ह्यात बदली असल्याचा आदेश आणि हजेरीपट, तपासातच पोच घेऊन द्यावा, असं आमचं मत. अंमलदाराने तो दोषारोपपत्रात घातला नाही तर पुढे त्याच्याच उलटतपासात पोच दाखवता येते. नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं मात्र देऊ नयेत. त्यांनी काही सिद्ध होत नाही आणि बचाव मात्र आधीच उघडा पडतो.

दोषारोपपत्राच्या प्रती आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत मिळायला हव्यात. सरकार पक्षाने गोळा केले पण वापरले नाहीत अशा कागदांची यादीही मागावी. आरोपीला ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. जुन्या प्रकरणात कधी कधी याच यादीत सोनं असतं: ज्या वर्गमैत्रिणीला तेव्हाच सांगितलं होतं असं फिर्यादी म्हणते, तिचा पोलिसांनी घेतलेला आणि बाजूला ठेवलेला जबाब. दोषमुक्तीचा अर्ज नव्या संहितेत प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत. आरोपनिश्चितीच्या वेळी "२०११ ते २०१५ दरम्यान वेळोवेळी" असा मोघम आरोप वाचला गेला तर तिथेच लेखी हरकत घ्यावी. आरोपात वेळ आणि ठिकाण हवं, निदान कोणती सुट्टी, कोणती इयत्ता, कोणतं घर एवढी तरी खूण. अपिलात पहिल्यांदा हा मुद्दा काढला की न्यायालय विचारतं, तेव्हा गप्प का होता?

उलटतपासाकडे येऊ. "इतकी वर्षं का थांबलात?" हा नवख्या वकिलाचा आवडता प्रश्न आहे, आणि तो विचारू नये. त्याचं उत्तर फिर्यादीने वर्षानुवर्षं मनात तयार ठेवलेलं असतं, आणि ते बहुधा खरं असतं: भीती, लाज, घरच्यांनी गप्प बसवलं, शब्दच नव्हते. तुळशीदास कनोळकर विरुद्ध गोवा राज्य या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की उशीर हा सरकार पक्षाचं प्रकरण झटकण्याचा ठरावीक मंत्र नाही. उशिराचा उपयोग कारणासाठी नको, क्रमासाठी करावा. पहिल्यांदा कुणाला सांगितलं, कोणत्या साली, तेव्हा किती घटना सांगितल्या, दंडाधिकाऱ्यासमोरच्या जबाबात किती, न्यायालयात किती. घटना वाढत गेल्या का, जागा बदलली का. पण हेही लक्षात ठेवावं, की लहानपणीच्या आठवणीत किरकोळ तपशील सरकतात हे न्यायाधीशांना चांगलं ठाऊक असतं. पडद्याचा रंग चुकला म्हणून कुणी सुटत नाही. आरोपी त्या वर्षी त्या गावातच राहत नव्हता, हे हजेरीपटाने दिसलं तर सुटतो.

जबाबातली विसंगती सिद्ध करण्याची रीत न पाळल्याने कितीतरी चांगले उलटतपास वाया जातात. साक्षीदाराला पोलीस जबाबातला नेमका भाग वाचून दाखवायचा, तिने नाकारला की तो भाग न्यायालयाकडून खुणेने चिन्हांकित करून घ्यायचा, आणि नंतर तपासी अंमलदाराच्या उलटतपासात "हा जबाब तुम्ही तिच्या सांगण्याप्रमाणे लिहिला" हे वदवून घ्यायचं. ही शेवटची पायरी राहिली की आधीचं सगळं रेकॉर्डवर असूनही नसल्यासारखं. जुन्या प्रकरणात अंमलदार दोन-तीन वेळा बदललेले असतात. कोणता जबाब कुणी नोंदवला याची यादी आधीच करावी. फिर्यादीच्या लैंगिक पूर्वायुष्याबद्दल प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे, आणि आमच्या मते ती योग्य आहे. न्यायालय बंद दाराआड चालतं. आरोपीच्या नातेवाइकांनी व्हरांड्यात गर्दी करून तिच्याकडे बघत बसणं हेही जामीन रद्द होण्याचं कारण होऊ शकतं.

वाटणीच्या वादातून खोटी तक्रार, हा आपल्याकडचा जुनाच बचाव. दाव्याचा नंबर, नोटिशीची तारीख, समन्स मिळाल्याचा दिवस हे हातात नसेल तर तो घेऊच नये. आणि असलं तरी क्रम बघावा: फिर्यादीने समुपदेशकाला नोटिशीच्या दोन वर्षं आधीच सांगितलेलं असेल, तर हा बचाव उलटा अंगावर येतो. समुपदेशनाची टिपणं गोपनीय असतात. ती न्यायालयाच्या आदेशानेच मागवावीत, ओळखीने काढून आणू नयेत.

सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की आरोपीचा जबाब होतो, आणि इथे आळस नडतो. शंभर प्रश्नांना "खोटं आहे", "माहीत नाही" अशी उत्तरं देऊन आरोपी खाली उतरतो. लेखी निवेदन देता येतं. बदली, आजारपण, पत्ता, सगळं दस्तांच्या निशाणी क्रमांकांसह त्यात मांडावं. हजेरीपट सिद्ध करायला कार्यालयातला कर्मचारी बचावाचा साक्षीदार म्हणून बोलवावा लागतो, नुसती झेरॉक्स जोडून भागत नाही. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर सही-शिक्क्याबद्दल कायद्याचं गृहीतक मिळतं, तेवढाच दिलासा.

नोकरीचं वेगळं चालू असतं. महाराष्ट्रात सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित मानला जातो. विभागीय चौकशीत पुराव्याची पातळी खालची, आणि तिथे घाईने दिलेलं लेखी म्हणणं फौजदारी खटल्यात वापरलं जाऊ शकतं. दोन्ही ठिकाणचे वकील वेगळे असतील तर त्यांनी एकमेकांचे मसुदे वाचल्याशिवाय काही दाखल करू नये.

दोषी ठरल्यावरही कॅलेंडर मिटत नाही. २०१४ मधल्या प्रवेशासह केलेल्या गंभीर लैंगिक हल्ल्याला पॉक्सोची किमान शिक्षा तेव्हा दहा वर्षं होती; २०१९ नंतरची वीस वर्षांची किमान शिक्षा त्याला लावता येत नाही. शिक्षेच्या सुनावणीत हा मुद्दा लेखी द्यावा, कारण निकालाच्या दिवशी सगळ्यांचंच लक्ष दुसरीकडे असतं. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस. निर्दोष सुटल्यास सरकारला अपिलासाठी ९० दिवस आहेत, आणि पीडित व्यक्तीलाही अपिलाचा स्वतंत्र हक्क आहे. त्यासाठीच सहा महिन्यांचा जातमुचलका (अपिलात हजर राहण्याची लेखी हमी) आधी लिहून घेतलेला असतो. न्यायालयात दाखल केलेलं मूळ सेवापुस्तक, पासपोर्ट, अल्बम अपिलाची मुदत संपेपर्यंत परत मिळत नाही. नंतर अर्ज द्यावा लागतो, प्रमाणित नक्कल रेकॉर्डला ठेवावी लागते. तो अर्ज करायला पक्षकार येत नाहीत, आणि कुणाचं तरी सेवापुस्तक पेन्शनच्या वेळी रेकॉर्ड रूममध्ये शोधावं लागतं.